वीस इंची की सव्वीस इंची: फिनिक्स आणि टूमस्टोनची बंदूकवारी

बुधवार, रिओ रँचो (न्यू मेक्सिको) ते फिनिक्स

काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगचं, म्हणजे जुन्या काउबॉयांच्या वेशात आणि तशाच बंदुकांनी घड्याळ लावून नेम मारायच्या खेळाचं, माझं बाकी सगळं सामान जमलं होतं. दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाचंच काडतूस खाणारी लिव्हर रायफल, पायघोळ स्कर्ट, हॅट, आणि टोपणनाव, कारण टोपणनाव घेतल्याशिवाय एसएएसएस म्हणजे सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीची मेंबरशिपच मिळत नाही. अडलं होतं ते शॉटगनपाशी, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीपाशी. इतके दिवस शेजारच्या काकांची उसनी वापरत होते, पण तिचा दस्ता माझ्या खांद्याला लांब पडतो आणि दुसऱ्याची वस्तू किती दिवस वापरायची. नवऱ्याचं मत पहिल्यापासून ठरलेलं, वीस इंची नळीची कोच गन, म्हणजे आखूड दुनळी, घे आणि मोकळी हो, दिसायलाही एकदम भारी. काका म्हणायचे सव्वीस. क्लबमधले एक आजोबा तर म्हणे नळी कितीही घे, चोक, म्हणजे नळीचं तोंड आतून आवळलेलं असतं ते, मात्र फुल हवा. तिघांची तीन मतं, तिघंही छातीठोक.

फेब्रुवारीच्या शेवटाला अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ विंटर रेंज असते, या खेळाची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा. काका-काकू जाणारच होते, म्हणाले चल आमच्याबरोबर, तिथे वाटेल तेवढ्या बंदुका हाताळायला मिळतील, मग ठरव. मुलं नवऱ्यावर सोपवली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघाले.

आय-40 ने गॅलप, हॉलब्रुक, विन्स्लो, सगळा सपाट आणि कंटाळवाणा रस्ता, त्याबद्दल काय लिहायचं. फ्लॅगस्टाफला रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते आणि काकांनी कॉफीसाठी गाडी थांबवली तेव्हा माझे दात वाजत होते. तिथून आय-17 खाली उतरायला लागतो तो उतरतच राहतो, कॅम्प व्हर्डी गेलं, मग सनसेट पॉइंटच्या आसपास ते हात वर केलेले साग्वारो निवडुंग दिसायला लागले आणि स्वेटर काढावा लागला. एका दिवसात महाबळेश्वरहून जळगाव.

उतरता उतरता काकांना सरळच विचारलं, नळी लांब असली की छर्रे कमी पसरतात ना? ते हसले. म्हणाले हे सगळ्यांनाच वाटतं. छर्रे किती पसरायचे ते चोक ठरवतो, म्हणजे नळीच्या तोंडापाशी आतून जे आवळलेलं असतं ते. बारा बोअरची नळी आतून साधारण 0.729 इंच असते. तोंडाशी काहीच आवळलं नसेल तर सिलिंडर, इंचाचा शंभरावा भाग आवळलं तर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, त्याच्या दुप्पट म्हणजे मॉडिफाइड आणि साडेतीन-चारपट म्हणजे फुल. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ. आणि लांबीने? वेग थोडा वाढतो, इंचाला सेकंदाला पाच-दहा फूट, म्हणजे वीस आणि सव्वीस इंचात समोरच्या लोखंडी पाट्याला, म्हणजे टार्गेटला, कळणारही नाही एवढा.

गुरुवार, बेन एव्हरी

बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी आय-17 आणि केअरफ्री हायवेच्या नाक्यावर आहे. अ‍ॅरिझोनाच्या गेम अँड फिश खात्याची ही रेंज, पसारा 1,650 एकरांचा. आत शिरल्यावर आधी डोळ्यांना चष्मा लावायचा, बघे असलात तरी, कारण लोखंडावर आपटलेल्या शिशाचे कण उडून परत येतात. माझ्या हॅटच्या काठावर दिवसभरात दोनदा टिक करून आवाज आला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक स्टेजला लाकडी सलून, जेल, बँक असा सेट उभा केलेला असतो, बझर वाजला की ठरलेल्या क्रमाने रायफलचे दहा, दोन रिव्हॉल्व्हरचे पाच-पाच आणि शॉटगनचे चार किंवा जास्त बार काढायचे. कमी वेळ तो जिंकला, एक नेम चुकला की पाच सेकंद वाढले. शॉटगन सुरुवातीला रिकामी असते, काडतुसं कमरेच्या पट्ट्यावर, आणि घड्याळ चालू असताना भरायची. चालतात त्या बंदुका म्हणजे ऑटोमॅटिक इजेक्टर, म्हणजे टरफलं आपोआप बाहेर फेकणारी सोय, नसलेली दुनळी, एकनळी, विंचेस्टरची 1887 ची लिव्हरवाली आणि 1897 ची पंप (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढायची), म्हणजे बहुतेक सगळ्या शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीच्या. 1897 च्या पंपमध्ये एका वेळी दोनच काडतुसं भरायची, म्हणजे दुनळीवाल्यांवर अन्याय नको. छर्रे शिशाचेच, चार नंबरपेक्षा जाड चालत नाहीत (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक).

शॉटगनची टार्गेट्स म्हणजे बहुधा पडणारे लोखंडी पाटे, आठ-दहा ते पंधरा-सोळा यार्डांवर. लागला पण पडला नाही, तर पडेपर्यंत परत मारत बसायचं. हे फार महत्त्वाचं निघालं. मी दिवसभर एकाच स्टेजच्या मागे दोरीला टेकून उभी राहिले आणि फक्त शॉटगन बघितल्या. चांगले लोक पट्ट्यातून दोन काडतुसं एकदम उपसतात, अंगठा आणि दोन बोटांत अशी धरून की दोघांची तोंडं एकदम दोन्ही नळ्यांत जातात, बंदूक मिटते तोवर पहिला बार झालेलासुद्धा असतो. मग अंगठ्याने लिव्हर सारून बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, आणि मागे असा हिसका द्यायचा की दोन्ही रिकामी टरफलं खांद्यावरून मागे उडतात. एका बाईंची टरफलं टायमर धरलेल्या माणसाच्या छातीवर आपटली, त्याने पापणीसुद्धा हलवली नाही.

तिथे उभं राहून एक गोष्ट दिसली. वेळ जातो तो नेम धरण्यात नाही, उघडा-हिसका-भरा-मिटा यात जातो. आणि दुसरा वेळखाऊ प्रकार म्हणजे हट्टी पाटा. मधोमध किंवा खाली लागलं की पाटा नुसता डुलतो, वरच्या अर्ध्या भागात भरपूर शिसं बसलं की आडवा. एक उंच गृहस्थ तीस इंची नळीची जुनी पंप घेऊन आले, सलूनच्या खिडकीतून बार काढायचे होते, नळी चौकटीला खटकन आपटली, मग खिडकीतून बाहेर काढेपर्यंत आणि परत आत घेईपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आला. नवऱ्याला लगेच मेसेज टाकला, तीस बाद. त्याचं उत्तर आलं, सांगितलं होतं ना, वीस!

शुक्रवार, दुकानं आणि चँडलर

सकाळी दुकानांच्या रांगेत. तंबूच तंबू, चामड्याचे पट्टे, हॅट, चांदीची बक्कलं, आणि बंदुका. विक्रेते सगळे गप्पिष्ट, न घेता नुसतं खांद्याला लावून बघितलं तरी तोंड वाकडं करत नाहीत. दर वेळी आधी उघडून रिकामी आहे हे दाखवायचं, मगच हातात द्यायची-घ्यायची, हा शिरस्ता मला फार आवडतो.

वीस इंची कोच गन पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटलं नवरा बरोबर होता. हलकी, आटोपशीर, झटकन वर येते. पण एका पाट्यावरून दुसऱ्यावर न्यायला लागले की पुढे निघून जायची, परत मागे आणायला लागायची, तोंडाशी वजनच नाही. चोवीस आणि सव्वीस इंची होत्या त्या स्वतःहून योग्य जागी थांबल्यासारख्या वाटल्या. शिवाय तेच काडतूस हलक्या बंदुकीतून खांद्याला जास्त लागतं आणि आखूड नळीचा आवाज कानात जास्त घुमतो. अठ्ठावीस इंची मात्र माझ्या उंचीला, पाच फूट दोन इंचाला, मोडल्यावर तोंड जवळपास टेबलावर टेकायचं, आणि हिसका द्यायला मनगट पुरेना. उंच माणसाला चालेल, मला नाही.

एका टेबलावर स्वस्तातली एक जुनी दुनळी होती, कुणीतरी नळ्या करवतीने कापून वीस इंची केलेली. विक्रेत्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं की बाई, ही भिंतीवर टांगायला घ्या. कारण विचारलं तर सगळा उलगडा झाला. चोक असतो तो तोंडाच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत, नळी कापली की तो करवतीबरोबर गेला आणि बंदूक झाली साधी सिलिंडर. वर दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात, ठरावीक अंतरावर दोघींचा मारा एकत्र यावा म्हणून किंचित तिरक्या जोडलेल्या असतात, मधूनच कापल्या तर उजवी एकीकडे आणि डावी दुसरीकडे मारेल अशी शक्यता. 1897 ची पंप कापली तर हा दुसरा त्रास नाही, एकच नळी. आणि कायद्याने अठरा इंचाच्या आत शॉटगनची नळी न्यायची नाही, 1934 पासूनचा फेडरल कायदा आहे, तेव्हा करवतवाल्यांनी टेप दोनदा लावावी.

दुपारी काकांच्या ओळखीचे काहीजण मातीच्या उडत्या चकत्यांचा साईड मॅच खेळत होते तिथे गेलो. इथे मात्र उलटी गंगा. ट्रॅपच्या, म्हणजे आपल्यापासून लांब उडत जाणाऱ्या, चकतीवर बार निघेपर्यंत ती तीस-पस्तीस यार्ड गेलेली असते, त्यामुळे जे सकाळी वीस इंची सिलिंडर घेऊन मिरवत होते ते इथे हात चोळत होते आणि मॉडिफाइड, फुलवाले काका-मामा चकत्यांचा चुरा करत होते. आमच्या क्लबातले ते आजोबा फुल चोकचे भक्त का आहेत ते इथे कळलं, ते मूळचे ट्रॅपवाले!

रात्री चँडलरला मैत्रिणीकडे जेवायला. भरली वांगी, भाकरी, आणि तिच्या नवऱ्याचे हजार प्रश्न, त्यालाही यायचंय या खेळात. पण दोघं एच-1 वर आहेत, आणि हे इथे मुद्दाम लिहितेय कारण आपल्या लोकांना माहीत नसतं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं, अगदी रेंजवर भाड्याची हातात घेणंसुद्धा, फेडरल कायद्याने गुन्हा आहे, शिकारीचं वैध लायसन्स असणं वगैरे ठरावीक अपवाद सोडून. मित्र म्हणाला चल ना म्हणून जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी स्वतः नुसती हॅट घालून टाळ्या वाजवायला जायचे.

शनिवार, टूमस्टोन

स्पर्धेचा शेवट बघायला थांबलो नाही, कारण काकूंच्या भावाचं रँच टूमस्टोनपासून जवळ आहे आणि तिथे कागदावर बार काढून बघायचे होते. फिनिक्सहून तीन तास, टूसॉन सोडलं की रस्ता मोकळा.

टूमस्टोन म्हणजे पर्यटकांचं गाव, लाकडी फुटपाथ, घोडागाड्या, तासातासाला लुटुपुटीच्या चकमकी. मला त्या नकली चकमकीचा कंटाळा आला पण जागा बघायची होती. 26 ऑक्टोबर 1881 ची ती प्रसिद्ध चकमक, मार्शल व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे विरुद्ध क्लँटन आणि मॅक्लॉरी मंडळी, ओ. के. कॉरल या घोड्यांच्या तबेल्याच्या आत झालीच नव्हती, फ्रीमाँट स्ट्रीटच्या बाजूला, फ्लायच्या फोटो स्टुडिओशेजारच्या मोकळ्या अरुंद जागेत झाली. अर्ध्या मिनिटात साधारण तीस गोळ्या, तिघं मेले. डॉक हॉलिडेने लांब कोटाखाली आखूड दुनळी लपवून नेली होती, ती व्हर्जिल अर्पने त्याच्या हातात दिलेली, आणि टॉम मॅक्लॉरी त्याच बाराने गेला. अंतर किती, तर हाताच्या टप्प्यापेक्षा थोडं जास्त. तिथे चोकचं काय काम. त्या जागेची रुंदी बघितल्यावर आखूड नळीचं कारणही दुसरं वेगळं सांगावं लागत नाही, ती कोटात मावली पाहिजे बस.

कोच गन हे नाव आलं घोडागाडीवरून. वेल्स फार्गो या पैसे आणि टपाल नेणाऱ्या कंपनीची तिजोरी असली की हाकणाऱ्याशेजारी शॉटगन घेतलेला माणूस बसायचा. याच भागात, 15 मार्च 1881 ला रात्री बेन्सनच्या वाटेवर अशी एक गाडी अडवली, तेव्हा शॉटगनवाला बॉब पॉल आणि गाडीवान बड फिलपॉट यांनी जागांची अदलाबदल केलेली होती, फिलपॉटचं पोट बिघडलं होतं म्हणे. गोळी लागली ती शॉटगनवाल्याच्या जागेवर बसलेल्या गाडीवानाला. घोडे उधळले, पॉलने खाली लोंबणारे लगाम पकडून गाडी वाचवली. हे वाचत असताना माझ्या डोक्यात आलं की हलत्या गाडीच्या बाकावर तीस इंची नळी फिरवणार कशी, तिथे वीस इंचच बरोबर. आखूड नळीचा जन्म अडचणीच्या जागेतून झालाय, नेमाच्या गणितातून नाही.

चोकही तेव्हा नवीनच होता. इंग्लंडात पेप नावाच्या बंदूकवाल्याने 1866 ला पेटंट घेतलं आणि ग्रीनर या दुसऱ्या बंदूकवाल्याने 1875 च्या लंडनच्या चाचण्यांत चोकवाल्या नळ्या जिंकून दाखवल्या, त्यानंतर लोकांनी मनावर घेतलं. तेव्हा 1881 ला गाडीवरच्या रोजच्या वापरातल्या बंदुका बऱ्याचशा साध्याच असणार.

रविवार, रँच

सगळ्या ट्रिपमधला हा दिवस मला हवा होता. काकूंच्या भावाने जुन्या दाराची चौकट रोवून ठेवली होती, तिच्यावर खाटकाकडचा तपकिरी कागद स्टेपल केला, मागे मातीचा उंच बांध. मधोमध मार्करने दहा बाय दहा इंचाचा चौकोन काढला, हाच आपला पाटा.

आदल्या रात्री मी हिशोब करून ठेवला होता. शॉटगनच्या जुन्या कोष्टकांत दहा यार्डांवरचा पसारा सिलिंडरचा 20 इंच, इम्प्रूव्ह्डचा 15, हाफ म्हणजे आपल्या मॉडिफाइडचा 12 आणि फुलचा 9 असा दिलेला असतो. वीस इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ 314 चौरस इंच, पाटा 100, म्हणजे छर्रे सारखे पसरले असं धरलं तर बिनचूक नेमालासुद्धा तिसरा हिस्साच पाट्यावर, बाकी मागच्या मातीत. पंधरा इंचीला निम्म्याहून जास्त. बारा इंचीला बहुतेक. प्रत्यक्षात मध्यभागी दाटी जास्त असते म्हणून एवढं वाईट नसतं, पण हलक्या काडतुसाने हट्टी पाटा का पडत नाही ते यातून कळतं. माझं काडतूस पाऊण-एक औंसाच्या मधलं, सात अष्टमांश, आठ नंबरचे साडेतीनशेच्या वर छर्रे, त्यातले दोनशे मातीत गेले तर पाटा कशाला पडेल.

आणि फुल चोक? तिथे सगळे छर्रे पाट्याएवढ्या जागेत येतात हे खरं, पण मग नेम वीतभर सरकला की सगळेच बाहेर. घाईत असलेल्या माझ्यासारखीला पाचेक इंचाची माफी हवी.

बार काढले. कागदाजवळ गेलं की मधे एक मोठं फाटकं भगदाड, भोवती दाट टिकल्या आणि कडेला तुरळक. पसारा कोष्टकापेक्षा सगळ्यांचाच कमी निघाला, हल्लीच्या काडतुसात छर्ऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी असते ना, ती त्यांना एकत्र धरून ठेवते. काकांच्या वीस इंची कोच गनमध्ये चोक स्क्रूने बदलता येतात. आधी सिलिंडर लावून मारलं, मग तिच्यातच इम्प्रूव्ह्ड बसवून, मग सव्वीस इंची इम्प्रूव्ह्डने. शेवटचे दोन कागद शेजारी ठेवले तर ओळखू येईना कुठला वीसचा आणि कुठला सव्वीसचा. काका काही बोलले नाहीत, नुसता फोटो काढून मला पाठवला आणि म्हणाले नवऱ्याला फॉरवर्ड कर.

सिलिंडरचा कागद मात्र लगेच ओळखू येत होता. पंधरा यार्डांवर तर चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हाताचा पंजा मावेल एवढी जागा कोरीच, एकही टिकली नाही.

आमच्या आजोळी देवगडकडे रानडुकरांसाठी पाटलांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसन्सची बारा बोअर दुनळी होती, ती आठवली. तिची नळी कुणी मोजली असेल असं वाटत नाही, पण उजवा चाप जवळच्यासाठी आणि डावा लांबच्यासाठी हे घरातल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. इथेही तसंच, दुनळीत बहुधा एक नळी मोकळी आणि एक आवळलेली असते. जवळचा पाटा आधी मोकळ्या नळीने, लांबचा किंवा हट्टी पाटा आवळलेल्या नळीने, एवढं डोक्यात ठेवलं की झालं.

सोमवार, परत घरी

परतीला लॉर्ड्सबर्ग, डेमिंग, तिथून आडवा हॅचचा रस्ता आणि मग आय-25. हॅचला हिरव्या मिरच्या घेतल्या, न्यू मेक्सिकोत राहून त्या घेतल्या नाहीत तर लोक नावं ठेवतात.

घ्यायची ठरवलेली बंदूक शुक्रवारीच एका तंबूत बघून ठेवली होती, जपानी बनावटीची जुनी एसकेबी 100, सव्वीस इंची, एक नळी इम्प्रूव्ह्ड आणि एक मॉडिफाइड, इजेक्टर नसलेली, म्हणजे नियमात बसते. विक्रेता न्यू मेक्सिकोतलाच निघाला त्यामुळे दुसऱ्या राज्यातून मागवायची भानगडही नाही. दस्ता साडेचौदा इंचाचा तेरावर आणायचा, आणि काडतूस जातं त्या तोंडाच्या कडा घासून आत पॉलिश करायचं, म्हणजे दोन काडतुसं न अडखळता आत आणि टरफलं एका हिसक्यात बाहेर. नळीपेक्षा आणि चोकपेक्षा याच दोन कामांवर पैसे घालवा असं आता मी क्लबात नवीन येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. आणि गुळगुळीत अंगाची टरफलं घ्या, रेघारेघांची अडकतात.

नवऱ्याने दोन्ही कागदांचा फोटो झूम करून करून बघितला. मग म्हणाला ठीक आहे, पण वीस इंची दिसायला चांगली असते हे तरी मान्य कर. ते मी केलं. बंदूक सध्या गनस्मिथकडे आहे, दस्ता कापायला तो घाई करत नाही आणि त्याला घाई करू नये असं काका म्हणतात, तोवर मॅचला त्यांचीच नेते.